चामडें व रेक्झिन दुरुस्तीचा धंदा : फी भरण्यापूर्वीं

मोटारसायकल व ट्रॅक्टरच्या सीट, तसेंच घरांतील सोफे दुरुस्त करण्याचा धंदा शेतीस जोड म्हणून बाजाराच्या गांवीं करण्याजोगा आहे. त्यास जागा थोडी पुरते व शेतीचे रिकामे दिवस कामीं येतात. परंतु तो शिकण्याची फी पुष्कळदा दुभतें जनावर विकून किंवा दागिना गहाण ठेवून उभी करावी लागते. म्हणून अशा शिक्षणाची पारख आधींच कशी करावी, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली पारख ही कीं, वर्गांत मालाचा भेद शिकवितात किंवा नाहीं. बाजारांत सरसकट रेक्झिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालांत दोन प्रकार येतात. व्हिनाइल म्हणजे कापडावर चढविलेला पी.व्ही.सी.चा थर होय. त्यास मऊ ठेवणारें द्रव्य उन्हानें व काळानें निघून जातें आणि तो कडक होऊन तडकतो. अशी चीर आंतून कापडाचें ठिगळ लावून, वर भरण देऊन व रंग जुळवून बुजवितां येते. दुसरा प्रकार पॉलियुरेथेनचा. दमट हवेनें त्याचे पापुद्रे सुटूं लागले म्हणजे भरण टिकत नाहीं. सर्व आवरणच बदलावें लागतें. खरें चामडें याहून निराळें. झाडांच्या सालींनीं कमावलेलें चामडें ओलें असतां सुमारें ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसतें. क्रोमनें कमावलेलें १०० अंशांच्या आसपास टिकाव धरतें. हा भेद न जाणणाऱ्याच्या हातून गिऱ्हाइकाचा माल बिघडून भरपाई अंगावर येते. कोणतें काम नाकारावें हें न शिकविणारा वर्ग अपुरा समजावा.

दुसरी पारख हातकामाची. शिक्षकानें नव्या तुकड्यावर दाखविलेल्या करामतीस भुलूं नये. फाटक्या, मळक्या जुन्या सीटवर प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतः किती कामें करावयास मिळतात, हें विचारावें. पूर्वीं शिकून गेलेल्या दोघांतिघांकडे जाऊन त्यांचें सहा महिन्यांपूर्वींचें काम आज कसें आहे तें पाहावें. चिकटद्रव्य व रंग यांतील द्रावकांची वाफ घातक व ज्वालाग्राही असते. म्हणून वर्गांत हवा खेळती आहे काय, हेंहि पाहावें.

तिसरी पारख हिशेबाची. समजा, फी १५,०००, राहणें-जेवणें ५,०००, बुडालेली मजुरी ५,००० व हत्यारें १५,००० मिळून ४०,००० रुपये लागले. माल व प्रवास वजा जातां एका कामामागें २०० रुपये सुटले, तर २०० कामें झाल्यावर मुद्दल निघेल; आठवड्यास चार कामें धरल्यास त्यास ५० आठवडे लागतील. इतकें काम आपल्या भागांत आहे काय, हें गॅरेजवाल्यांस आधीं विचारावें.

बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत शिक्षण विनामूल्य मिळतें. हा विषय तेथें आहे काय याची जिल्ह्याच्या ठिकाणीं चौकशी करावी. २०२३ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेंत पादत्राणें करणाऱ्या कारागिरांसाठीं दररोज ५०० रुपये विद्यावेतन व हत्यारांस १५,००० रुपयांपर्यंत साह्य ठरविलें आहे. परंतु ती त्या धंद्यांत आधींच असलेल्यांसाठीं आहे, नवशिक्यांसाठीं नव्हे. तिच्या आशेवर कर्ज काढूं नये.

मूठभर बीं रुजवून उगवण पाहिल्यावांचून जाणता शेतकरी पोतें घेत नाहीं. शिक्षणाच्या फीसहि आमच्या वाचकांनीं तोच न्याय लावावा.