कॉलेज खारघरचं, पण विद्यापीठ कोणतं?



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीपेक्षा दुसऱ्याच चौकशा जास्त होतात. पोराला मुंबई विद्यापीठात घालावं का इथंच शिवाजीत ठेवावं? लोणेऱ्याच्या विद्यापीठाची पदवी चालते का? खारघरला मेहुणे राहतात, राहायची सोय होईल, मग तिथलंच कॉलेज धरू का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेवटच्या हप्त्याचं बिल असतं, आणि चार वर्षांची फी त्यातूनच जायची असते. म्हणून या विषयाची थोडी फोड करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

खारघरचंच नाव वारंवार निघतं त्याला कारण आहे. पनवेल तालुक्यातलं हे गाव सिडकोनं नवी मुंबईचा भाग म्हणून वसवलं आणि २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहे. हार्बर लाइनचं स्टेशन आहे, नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही इथून धावते. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर भागातली आपली माणसं वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून, व्यापारी म्हणून गेली आणि कळंबोली, कामोठे, खारघरला स्थिरावली. त्यामुळे बहुतेक घरांचं कोणी ना कोणी तिथं असतंच. इंजिनिअरिंग, कॉमर्स, सायन्स, फॅशन डिझाइन, सगळ्याची कॉलेजं चार-सहा किलोमीटरच्या आत आहेत.

आता विद्यापीठ म्हणजे काय, हे आपल्या भाषेत पाहू. जुन्या सभासदांना झोनबंदी आठवत असेल. कारखान्याचं कार्यक्षेत्र ठरलेलं, त्या हद्दीतला ऊस त्याच कारखान्याला. विद्यापीठांचंही पुष्कळसं तसंच आहे. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडायचं हे कॉलेज कुठल्या जिल्ह्यात आहे त्यावर ठरतं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे त्याचं क्षेत्र, आणि कॉलेजं आठशेहून अधिक. पुण्याचं विद्यापीठ १९४९ चं. पुणे, अहिल्यानगर, नाशिक हे जिल्हे त्याच्याकडे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं, त्यातून २००४ साली सोलापूर वेगळं झालं. सोलापूरचं विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतंच आहे. खारघर रायगड जिल्ह्यात, म्हणून तिथली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची नेहमीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. तिथं निवड करायची ती कॉलेजची, विद्यापीठाची नव्हे.

ही हद्द तीन-चार ठिकाणी मोडते, आणि गोंधळ तिथंच होतो.

पहिलं लोणेरे. त्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्यावर १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ सुरू झालं. पोरं त्याला 'बाटू' म्हणतात. बरीच वर्षं ते आपल्या आवारापुरतंच होतं. २०१४ च्या कायद्यानं त्याला सगळ्या राज्यातली तांत्रिक कॉलेजं जोडून घेण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे झोन उठला, असंच म्हणा. आता एकाच जिल्ह्यात एक इंजिनिअरिंग कॉलेज मुंबईचं आणि दुसरं बाटूचं असू शकतं. आपल्या सांगली-कोल्हापुरातही शिवाजीचं एक, बाटूचं एक, असं दिसेल. कॉलेज बाटूचं आहे म्हणजे मुलगा लोणेऱ्याला शिकणार असं मात्र नाही. लोणेरे खारघरहून शंभर किलोमीटरच्या वर आहे. तिथं स्वतः विद्यापीठाच्या आवारात शिकणं वेगळं, आणि राज्यात कुठंतरी बाटूला जोडलेल्या कॉलेजात शिकणं वेगळं. दोघांच्या पदवीवर नाव एकच येतं, म्हणून फसगत होते.

दुसरं एस.एन.डी.टी. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं हे महिला विद्यापीठ, त्यालाही जिल्ह्याची हद्द नाही. मुलींसाठी हा दरवाजा वेगळा उघडा आहे. आपल्याकडे त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही, ती करायला हवी.

तिसरं मेडिकल. तिथं भांडणच नाही. १९९८ पासून राज्यातली सरकारी आणि बहुतेक खाजगी मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. पण कामोठ्याचं एमजीएम किंवा नेरूळचं डी. वाय. पाटील ही अभिमत विद्यापीठं. त्यांचं सगळं खातं वेगळं, फीसुद्धा. पनवेलजवळ भाताणला अॅमिटी आहे, ते खाजगी विद्यापीठ. कायदा विधिमंडळानंच केलेला असतो, म्हणून कोणी 'सरकारमान्य विद्यापीठ' असं सांगितलं तर ते खोटं नसतं, पण ते राज्य सरकारचं सार्वजनिक विद्यापीठही नसतं. पैशाच्या दृष्टीनं या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते पुढं येईलच.

आता पोरं निवडतात कशी? खरं सांगायचं तर पुष्कळ वेळा मित्र कुठं चालला ते बघून. नाहीतर बापाला कोणीतरी सांगितलेलं असतं, 'मुंबईची पदवी म्हणजे वजन'. मुंबईला वजन आहे, नाही असं नाही. २०२१ साली नॅकनं मुंबई विद्यापीठाला ए++ दर्जा दिला, गुण ३.६५. पण त्याच वर्षी आपल्या शिवाजी विद्यापीठालाही ए++ च मिळाला, ३.५२ गुणांनी. आणि हे मूल्यांकन विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांचं असतं, कलिन्याच्या किंवा कोल्हापूरच्या आवारातलं. खारघरच्या एखाद्या कॉलेजात प्रयोगशाळा कशी आहे, मास्तर कायम आहेत का तासिकेवर, हे त्यातून कळत नाही. कॉलेजचं नॅक वेगळं होतं, इंजिनिअरिंगच्या शाखांचं एनबीए वेगळं. ते विचारावं. एम.एस्सी.ला किंवा एम.ए.ला जाणाऱ्यानं विद्यापीठाचा विभाग जरूर पाहावा, कारण तो तिथंच शिकणार. पदवीला जाणाऱ्याचं शिक्षण कॉलेजात होतं. पदवीवर शिक्का कारखान्याचा असला तरी ऊस पिकतो शेतातच.

विद्यापीठाचा कारभार मात्र एका बाबतीत पोराच्या मुळावर येतो, तो म्हणजे निकाल. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं सगळे पेपर संगणकावर तपासायचं एकदम ठरवलं. तयारी पुरी नव्हती. निकाल महिनोन्महिने रखडले, पुढच्या प्रवेशांची मुदत टळायची वेळ आली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेव्हा ज्यांना परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठात जायचं होतं त्यांचे हाल झाले. म्हणून कॉलेज पाहायला जाल तेव्हा ऑफिसात न विचारता बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा, मागच्या सेमिस्टरचा निकाल किती दिवसांनी लागला आणि पुनर्तपासणीचा किती दिवसांनी. खरं उत्तर मिळतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात 'होम युनिव्हर्सिटी' नावाचा प्रकार आहे. ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात मुलगा बारावी झाला ते त्याचं घरचं विद्यापीठ. पुष्कळ कॉलेजांत जागांचा मोठा वाटा घरच्या मुलांना आणि लहान वाटा बाहेरच्यांना, अशी वाटणी अनेक वर्षं ७० आणि ३० ची चालत आली आहे. म्हणजे समजा वाळवा तालुक्यातला मुलगा आपल्याकडंच बारावी झाला, तर त्याचं घर शिवाजी विद्यापीठ. त्यानं खारघरचं मुंबई विद्यापीठाचं कॉलेज मागितलं तर तो बाहेरचा, लहान वाट्यात उभा. उलट दहावीनंतर त्याला दोन वर्षं मामाकडं खारघरला ठेवून बारावी तिथं केली, तर त्याचं घर मुंबई झालं. मग खारघरचं कॉलेज सोपं, पण साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटला यायचं म्हटलं तर तो आपल्याच गावात परका! अकरावीला कुठं घालायचं हा निर्णय आपण क्लासच्या जाहिराती बघून घेतो. तो खरं म्हणजे विद्यापीठाचा निर्णय असतो. राहतं घर, सात-बारा, रेशनकार्ड कुठलं आहे याचा इथं उपयोग होत नाही, बारावी कुठून झाली ते बघतात. मेडिकलला असाच विभागवार ७०-३० चा कोटा होता, तो २०२० मध्ये सरकारनं काढून टाकला. इंजिनिअरिंगचे नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापतात आणि प्रत्येक कॉलेजच्या नावाखाली त्याचं विद्यापीठ व जागांची वाटणी दिलेली असते. ते पान वाचल्याशिवाय पर्याय भरू नये.

पर्याय भरण्याविषयी दोन शब्द. सीईटीचे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्वद त्याच्या मागे, इतकाच अर्थ. परीक्षेला लाखो मुलं असतात, तेव्हा पुढच्या दहांतही हजारो आले. मागच्या वर्षी त्या कॉलेजची ती शाखा कितीवर बंद झाली, तेही घरच्या आणि बाहेरच्या वाट्यात वेगवेगळं, हे आकडे जाहीर असतात. ते समोर ठेवून यादी करावी, आणि यादीचा क्रम मनातल्या आवडीचाच असावा. 'हे मिळणार नाही' म्हणून आवडतं कॉलेज खाली टाकण्यात काही फायदा नाही, वरचा पर्याय न मिळाल्यास यंत्र आपोआप खालचा बघतं. पण नको असलेलं कॉलेज पहिल्या नंबरावर लिहू नये. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो, मग पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. नेटकॅफेवाल्याला 'तूच भर' म्हणून सांगून वैरणीला निघून जाणारे बाप आहेत. त्यांनी तो अर्धा तास तिथं बसावं.

पैशाचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. खाजगी कॉलेजची फी सरकारचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ज्यांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतल्या याच उत्पन्नमर्यादेच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अल्पभूधारकाच्या मुलाला बाहेर राहण्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. परंतु हे सगळं केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. अभिमत किंवा खाजगी विद्यापीठात घेतला तर फीमाफी नाही. मुंबई का बाटू यानं फीत जेवढा फरक पडणार नाही, त्याच्या कितीतरी पट या एका गोष्टीनं पडतो. एजंट सांगतात, 'फेऱ्या कशाला बघता, आत्ता सीट पक्की करा.' उचल काढून सीट पक्की करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून बघावा.

आणि जवळचं सोडून लांब का जायचं, हाही विचार करावा. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखर पट्ट्यात एका वर्षात वारणानगर, साखराळे, लोणी, कोपरगाव इथं कॉलेजं उभी राहिली. त्यामागे ऊस उत्पादकाचाच पैसा आणि कष्ट होते. त्यांतली काही आज खारघरच्या कॉलेजांना मागे टाकतील अशी आहेत. कॉम्प्युटर शाखेला मुंबईच्या जवळ असल्याचा फायदा आहे, इंटर्नशिप मिळते, कंपन्या हाकेच्या अंतरावर आहेत. मेकॅनिकल किंवा केमिकल घेऊन पुढं साखर धंद्यातच यायचं असेल तर खारघरला राहून काय साधणार, हे मला उमगत नाही. शेतीची पदवी घ्यायची तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत आणि त्यांचा प्रवेश एकत्रच होतो. जाता जाता, दापोली विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेललाच आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणारं पनवेल-१, पनवेल-२ हे भात तिथलं. ज्यांच्या रानाला मीठ फुटलंय त्यांच्या पोरांनी खारघरला गेल्यावर ते केंद्र एकदा बघून यावं.

दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्राची आठवण ठेवावी. शिवाजीचा बी.एस्सी. होऊन मुंबईला एम.एस्सी.ला गेलेल्या मुलाकडे ते मागतात, आणि ते जुन्या विद्यापीठातूनच काढावं लागतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी हे कागद जूनमध्ये तहसीलला झुंबड उडण्याआधी काढून ठेवावेत. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यावरची मुदतीची तारीख बघून घ्यावी. मागच्या वर्षीचा दाखला बहुधा ३१ मार्चलाच संपलेला असतो.