दरोडेखोर : दप्तरातला आणि वाङ्मयातला

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील दरोडेखोर केवळ पोलिसांच्या दप्तरात सापडत नाही. तो पोवाड्यात, तमाशाच्या वगात, कादंबरीत आणि रुपेरी पडद्यावरही भेटतो. दप्तर त्याला गुन्हेगार ठरविते, शाहीर त्याला वीर म्हणतो. यांपैकी ग्राह्य साक्ष कोणती, हा सातारा-सांगलीकडचा जुनाच प्रश्न आहे.

त्याला सर्वांत समर्थ उत्तर अण्णा भाऊ साठे यांनी दिले. १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगावी जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या लेखकाची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो. परंतु अण्णा भाऊ लुटीच्या थरारात रमत नाहीत. त्या लुटीमागची भूक आणि मांगवाड्याच्या मानेवर बसलेली हजेरीची सक्ती ते वाचकासमोर ठेवतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी करून दिली; तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरविले होते. कादंबरीने गुन्ह्याचा जन्म कोठे होतो ते दाखविले. आपल्या माणसांच्या जिवासाठी अखेर शरण जाणारा फकिरा म्हणूनच वाचकाच्या मनातून जात नाही.

शासनाचा शिक्का अंतिम नसतो, याचा पुरावा याच भूमीने आणखी एकदा दिला. १९४३ साली शेणोली येथे प्रतिसरकारच्या सैनिकांनी रेल्वेतील सरकारी पैसा लुटला. परक्या सत्तेच्या लेखी तो दरोडा होता. स्वतंत्र भारताने त्याच हातांचा गौरव केला.

मात्र यावरून प्रत्येक फरारी माणूस फकिरा ठरत नाही. बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर यांना खुनांबद्दल जन्मठेप झाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर वग रंगले, चित्रपटही निघाला. अन्यायाने गांजलेल्या गावाला असा कैवारी आपला वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण वगातल्या कुऱ्हाडीला टाळ्या पडतात, तेव्हा मारल्या गेलेल्याचे घर रंगमंचावर नसते. शिवाय जेथे न्यायालयाची पायरी गरिबाला परवडत नाही, तेथेच कुऱ्हाडीचा न्याय लोकप्रिय होतो, हेही विसरता येत नाही.

कलेने गुन्हेगार रंगवू नये, असे म्हणणे व्यर्थ होय. तिने त्याच्या हातातील शस्त्राबरोबर ते त्याच्या हाती का आले हेही दाखवावे, आणि त्याने सांडलेले रक्तही झाकू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. वर्गात ‘फकिरा’ शिकविणाऱ्या शिक्षकाने पराक्रमाचे वर्णन संपल्यावर क्षणभर थांबून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : त्या वर्षी धान्य होते कोणाच्या कोठारात?