सोलर डेकॅथलॉन

सोलर डेकॅथलॉन : विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी सौर ऊर्जेवर चालणाऱ्या राहत्या घराचा अभिकल्प स्वतः तयार करावा, ते घर स्वतः बांधावे आणि त्यातील ऊर्जाव्यवहार, सुखसोयी, वास्तुगुण इत्यादींची दहा कसोट्यांवर परीक्षा व्हावी, अशी योजना असलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दहा क्रीडाप्रकार असलेल्या डेकॅथलॉन या मैदानी स्पर्धेवरून तिचे नाव घेतलेले आहे. ग्रीक भाषेत ‘डेका’ म्हणजे दहा. मैदानी स्पर्धेत एखाद्या धावपटूला केवळ धावण्यात पहिला येऊन भागत नाही, उडी व फेकही साधावी लागते. त्याचप्रमाणे या स्पर्धेत भरपूर वीज निर्माण करणारे, पण राहण्यास गैरसोयीचे घर मागे पडते.

विद्यार्थ्यांसाठी भरणाऱ्या पर्यावरणविषयक परिषदा व स्पर्धा यांची संख्या विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच वाढली. परिषदांचा भर बहुधा चर्चा, निवेदने व ठराव यांवर असतो. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेला जोडून २००५ साली माँट्रिऑल येथे प्रथम भरलेली युवा परिषद हे त्यांचे ठळक उदाहरण होय. निबंध, भित्तिपत्रे, प्रतिकृती यांच्या स्पर्धांतही कल्पना कागदावर किंवा मेजावरच राहते. सोलर डेकॅथलॉनचे वेगळेपण असे, की येथे विधानाची परीक्षा लगेच होते. ठराव चुकला की नाही हे कळण्यास वर्षे लागतात. घराचे छप्पर गळते की नाही हे पहिल्याच पावसात कळते.

प्रारंभ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ऊर्जा विभागाने ही स्पर्धा सुरू केली. त्या विभागातील अधिकारी रिचर्ड किंग हे तिचे प्रवर्तक मानले जातात. पहिली स्पर्धा २००२ च्या शरद ऋतूत वॉशिंग्टन येथील ‘नॅशनल मॉल’ या विस्तीर्ण हिरवळीवर झाली. तीत १४ विद्यापीठीय संघांनी भाग घेतला व कोलोरॅडो विद्यापीठ विजयी झाले. प्रत्येक संघाने आपल्या गावी घर बांधावे, ते सुटे करून मालमोटारींतून राजधानीत आणावे, काही दिवसांत पुन्हा उभे करावे आणि परीक्षा संपल्यावर उतरवून परत न्यावे, असा क्रम होता. घराच्या क्षेत्रफळाला सुमारे ७४ चौ. मी. (८०० चौ. फूट) एवढी मर्यादा होती. घरे सामान्य नागरिकांना आतून पाहता येत असत व विद्यार्थीच त्यांना माहिती सांगत. कायदेमंडळाच्या अगदी समोर सौर घरांची एक छोटी वसाहत काही दिवसांपुरती वसविण्यामागे प्रचाराचा हेतू उघडच होता.

वास्तुशास्त्र, यंत्र, विद्युत् व स्थापत्य अभियांत्रिकी, व्यवस्थापन, जनसंपर्क अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी दीड-दोन वर्षे एकत्र काम करतात. सामग्री व निधीसाठी उद्योगांकडे जावे लागते, परवानग्या व विमा यांची व्यवस्था पाहावी लागते. शिक्षणाच्या दृष्टीने हा भाग घरापेक्षाही मोलाचा असावा. कारण वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला हवी असलेली मोठी खिडकी आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नको असलेली तीच खिडकी, यांतील वाद वर्गात सहसा उद्‌भवत नाही.

कसोट्या : काही कसोट्यांचे गुण परीक्षकमंडळ देते, उदा., वास्तुशास्त्र, अभियांत्रिकी, जनसंज्ञापन, बाजारपेठेतील उपयुक्तता. उरलेल्या कसोट्यांचे गुण मापनाने ठरतात. घरात संवेदक बसविलेले असतात व त्यांच्या नोंदी सतत घेतल्या जातात. २००९ च्या नियमांनुसार घरातील तापमान सुमारे २२° ते २४° से. व सापेक्ष आर्द्रता ४० ते ५५ टक्के या मर्यादेत ठेवावी लागे. सुमारे ५७ लिटर पाणी दहा मिनिटांच्या आत निदान ४३° से. तापमानाचे काढून दाखविणे, शीतकपाट ठरावीक तापमानात ठेवणे, भांडी व कपडे यंत्राने धुणे, ओले टॉवेल ठराविक वेळात पुन्हा मूळच्या वजनाइतके कोरडे करणे, स्वयंपाकाचा पर्याय म्हणून ठराविक वजनाच्या पाण्याची वाफ करणे, अशी नित्याची कामे कसोटीत समाविष्ट होती. शेजारच्या संघातील विद्यार्थ्यांना जेवावयास बोलावणे व त्यांना चित्रपट दाखविणे हीसुद्धा गुणांची बाब होती. ही यादी अमेरिकी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दिनक्रमावर बेतलेली आहे. टॉवेल वाळविण्याचे काम आपल्याकडे गच्चीतल्या दोरीवर विनाखर्च होते; अर्थात पावसाळ्याचे चार महिने सोडून.

नियम व घरांचे स्वरूप : या स्पर्धेचा इतिहास म्हणजे मुख्यतः तिच्या नियमावलीचा इतिहास होय. जे मोजले गेले त्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष दिले, जे मोजले गेले नाही ते बव्हंशी बाजूला राहिले. प्रारंभीच्या स्पर्धांत घरे विद्युत् जालकाशी जोडलेली नव्हती. दिवसा निर्माण झालेली वीज विद्युत् घटमालांत साठवून रात्री वापरावी लागे. २००२ च्या स्पर्धेत घराच्या विजेवर विद्युत् मोटारगाडीही चालवावी लागे व कापलेल्या अंतराला गुण होते. परिणामी ढगाळ दिवशी दिवे लावावेत, पाणी तापवावे की मोटार बाहेर काढावी, हा निर्णय संघाला रोज घ्यावा लागे. २००५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठ पुन्हा विजयी झाले. सोयाबीनपासून बनविलेला फेस व टाकाऊ कागदापासून केलेली पाटे यांच्या भिंती हे त्या घराचे वैशिष्ट्य होते. तथापि बांधकामसाहित्य तयार होताना किती ऊर्जा खर्च झाली, हे मोजणारी कसोटी त्या वेळी नव्हती.

२००७ व २००९ या दोन्ही स्पर्धा जर्मनीतील डार्मस्टाट तांत्रिक विद्यापीठाने जिंकल्या. २००७ च्या घरात ओक लाकडाच्या झडपांमध्येच सौर विद्युत् घट बसविलेले होते. २००९ पासून घरे विद्युत् जालकाशी जोडण्यात आली व ऊर्जेच्या कसोटीला १५० गुण ठेवण्यात आले. वापरली तितकी वीज निर्माण केल्यास १०० गुण आणि त्याहून अधिक निर्माण केल्यास आणखी ५० पर्यंत गुण, अशी विभागणी होती. या ५० गुणांनी घराचे रूपच पालटले. डार्मस्टाटच्या विद्यार्थ्यांनी दुमजली घनाकृती घर उभारले आणि छपरासह चारही बाजूंच्या भिंती सौर घटांनी मढविल्या. छपरावर स्फटिकी सिलिकॉनाचे घट व भिंतींवर तांबे, इंडियम, गॅलियम व सिलिनियम यांच्या पातळ पटलाचे घट होते. हे पटलघट अंधूक, विखुरलेल्या प्रकाशातही बऱ्यापैकी वीज देतात. स्पर्धेच्या काळात आकाश ढगाळ राहिले आणि ही योजना फलद्रूप झाली. अभियांत्रिकी दृष्ट्या हे घर अद्वितीय होते. पण सामान्य कुटुंबाला ते कधी परवडले असते, असे म्हणता येणार नाही.

हा आक्षेप संयोजकांनाही पटलेला दिसतो. २०११ साली दहाही कसोट्यांना प्रत्येकी १०० गुण देण्यात आले. खर्च व उत्पन्न यांचा ऊर्जामेळ बसला की पूर्ण गुण मिळत, जादा विजेला काही मिळत नसे. तसेच किफायतशीरपणा ही नवी कसोटी आली व अंदाजित बांधकामखर्च अडीच लाख डॉलरच्या आत असलेल्या घराला तीत पूर्ण गुण ठेवण्यात आले. त्याबरोबर भिंतींवरील सौर घट बहुतेक नाहीसे झाले. उष्णतारोधक भिंती, छायेची योजना, वायुवीजन या जुन्या पण स्वस्त उपायांना पुन्हा महत्त्व आले. त्या वर्षी विजयी ठरलेल्या मेरिलंड विद्यापीठाच्या घराचे छप्पर मध्ये उतरते होते. त्यावरील पावसाचे पाणी दोन खोल्यांच्या मधल्या पाणवनस्पतींच्या पट्ट्यात शुद्ध होई. चेसापीक उपसागराच्या प्रदूषणाचा प्रश्न विद्यार्थ्यांनी घराच्या नकाशात आणला होता. याच स्पर्धेतील पार्सन्स व स्टीव्हन्स या संस्थांचे घर पुढे वॉशिंग्टनमधील डीनवुड या वस्तीत ‘हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी’ या संस्थेच्या साहाय्याने प्रत्यक्ष राहण्यासाठी वापरण्यात आले. पर्यावरणाच्या नावाने भरलेल्या या प्रदर्शनामुळे हिरवळीची हानी होते, या कारणास्तव त्याच वर्षी नॅशनल मॉलवरील जागा नाकारण्यात आली व स्पर्धा जवळच्या पोटोमॅक उद्यानात हलवावी लागली, ही गोष्टही नमूद करण्याजोगी आहे.

नंतरच्या स्पर्धा कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन (२०१३, २०१५) व कोलोरॅडोतील डेन्व्हर (२०१७) येथे झाल्या. त्या अनुक्रमे व्हिएन्ना तांत्रिक विद्यापीठ, स्टीव्हन्स तंत्रविद्या संस्था व स्वित्झर्लंडचा संघ यांनी जिंकल्या. यांपैकी स्टीव्हन्सच्या घराचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. २०१२ च्या ‘सँडी’ चक्रीवादळाने संस्थेच्या होबोकेन या गावात पाणी शिरले होते. तो अनुभव ताजा असल्याने विद्यार्थ्यांनी पुरात टिकणारा तळभाग व वादळात मिटून घेता येणारी आवरणे योजिली, तसेच वीज खंडित झाल्यास शेजाऱ्यांना घराबाहेरूनच दूरध्वनीसंच भारित करता येतील अशी सोय केली. ऊर्जेची बचत हे पहिल्या दशकातील ध्येय होते. बदलत्या हवामानात घर तग धरील काय, हा प्रश्न येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडला गेला.

इतर देशांतील प्रसार : यूरोपीय स्पर्धा २०१० व २०१२ मध्ये माद्रिद, २०१४ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय, २०१९ मध्ये हंगेरीतील सेंटेंड्रे व २०२२ मध्ये जर्मनीतील वुपरटाल येथे भरली. चीनमध्ये दाटुंग (२०१३) व देजोउ (२०१८), कोलंबियात काली (२०१५, २०१९), दुबई (२०१८, २०२१) व मोरोक्कोतील बेन गेरीर (२०१९) येथेही तिच्या आवृत्त्या झाल्या. दाटुंग येथे ऑस्ट्रेलियाच्या वुलंगाँग विद्यापीठाने मिळविलेला विजय महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी हजारोंनी बांधल्या गेलेल्या तंतुमय सिमेंट-पत्र्यांच्या जुन्या घराचे रूपांतर कसे करावे, हे त्या संघाने दाखविले. पुढील काळात ज्या घरांत लोक राहणार आहेत त्यांतील बरीचशी आधीच बांधलेली आहेत, ही साधी गोष्ट स्पर्धेच्या ध्यानात येण्यास अकरा वर्षे लागली. वुपरटाल येथे तर शहरातील जुन्या इमारतींचे नूतनीकरण, त्यांवर मजले चढविणे व मधल्या मोकळ्या जागा भरणे हेच विषय देण्यात आले. तेथे कार्लस्रूए तंत्रविद्या संस्थेने जुन्या इमारतीच्या छपरावर उभारावयाच्या निवासाचा नमुना सादर करून प्रथम क्रमांक मिळविला. त्यात वापरलेले साहित्य पुन्हा सुटे करून दुसरीकडे उपयोगात आणता यावे, असा कटाक्ष होता.

संपूर्ण घर एका खंडातून दुसऱ्या खंडात नेणे हा या स्पर्धेतील सर्वांत उघड अंतर्विरोध होय. व्हिएन्नाचे घर यूरोपातून कॅलिफोर्नियात न्यावे लागले. त्या वाहतुकीचे इंधन कोणत्याही कसोटीत धरलेले नव्हते. पुढे अमेरिकी स्पर्धेत केवळ अभिकल्पाचा व प्रत्यक्ष बांधकामाचा असे दोन विभाग करण्यात आले. २०२० च्या स्पर्धेचे प्रदर्शन करोना महासाथीमुळे होऊ शकले नाही. २०२३ च्या स्पर्धेत संघांनी आपापल्या गावीच घरे बांधली व अंतिम फेरीत त्यांची माहिती सादर केली. प्रेक्षकांची गर्दी त्यामुळे गेली, पण घर आपल्या मूळ हवामानात तपासले जाऊ लागले. हा बदल लाभाचाच म्हणावा लागेल.

भारतातील सहभाग : मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा ‘शून्य’ हा संघ २०१४ मध्ये व्हर्साय येथील स्पर्धेत उतरला. या स्पर्धेत घर उभारणारा हा पहिला भारतीय संघ होय. त्याच संघाने २०१८ मध्ये देजोउ येथे घर बांधले. २०२३ च्या अमेरिकी स्पर्धेसाठी मात्र संघाने पवई येथील संस्थेच्या आवारात, मुंबईच्या उष्ण व दमट हवामानाला अनुसरून घर उभारले. अशा हवामानात मुख्य अडचण उष्णतेपेक्षा बाष्पाची असते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत ठेवावयाची तर यंत्रांना सतत वीज पुरवावी लागेल. पंख्याखाली बसलेल्या माणसाला याहून अधिक उष्ण व दमट हवाही सुसह्य वाटते. २०१६ च्या भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेरच्या हवेनुसार बदलणाऱ्या सुखद तापमानाची पद्धती समाविष्ट झाली, ती याच जाणिवेतून. परदेशी नियमावली जशीच्या तशी स्वीकारल्यास आपल्याकडे वातानुकूलनालाच गुण मिळतील.

भारतातील स्वतंत्र स्पर्धा २०२०–२१ पासून ‘सोलर डेकॅथलॉन इंडिया’ या नावाने सुरू झाली. इंडियन इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन सेटलमेंट्स व अलायन्स फॉर ॲन एनर्जी एफिशियंट इकॉनॉमी या संस्थांनी तिचे आयोजन केले. येथे घर बांधून दाखवावे लागत नाही. विद्यार्थिसंघाने एखाद्या विकासकाच्या वा संस्थेच्या नियोजित इमारतीचा भागीदार व्हावयाचे व तिची वर्षभराची ऊर्जेची गरज नवीकरणीय ऊर्जेतून भागेल असा अभिकल्प द्यावयाचा, अशी पद्धत आहे. प्रत्यक्ष मापनाची कसोटी यात हुकते, हे खरे. आकडे संगणकी गणितातून येतात. उलट इमारत खरी असल्याने मालकाचे अंदाजपत्रक व नगरपालिकेचे नियम विद्यार्थ्यांना टाळता येत नाहीत. बहुमजली निवास, कार्यालये व शैक्षणिक इमारती यांबरोबर आपत्तिकाळातील सामूहिक निवारा आणि बांधकामाच्या जागेवरील मजुरांची निवासे हेही विभाग या स्पर्धेत ठेवण्यात आले. यांपैकी शेवटचा विभाग मूळ अमेरिकी स्पर्धेत नव्हता. मजुरांच्या खोल्या बहुधा पत्र्याच्या असतात, दुपारी तापतात आणि काम संपले की मोडून दुसऱ्या जागी नेल्या जातात. मूळ स्पर्धेत घर सुटे करून पुन्हा जोडण्याचे कसब केवळ प्रदर्शनासाठी लागत असे. या निवासांत तो वापराचाच भाग असतो.