नाताळच्या सुट्टीत दिवाळी अंक

हुबळी-धारवाडातली मराठी घरे वर्षातून केव्हा भरलेली असतात, हे जरा आठवून पाहा. पूर्वी ती दिवाळीत भरत. आता भाऊबीज झाली की त्याच रात्रीच्या बसने बंगळूरची मंडळी परततात. परदेशातली मुले तर दिवाळीला फोनवरच भेटतात. ती प्रत्यक्ष येतात डिसेंबरच्या वीस-बावीस तारखेनंतर. नातवंडांचेही तसेच. आपल्या राज्यात मोठी सुट्टी दसऱ्याची असली, तरी मिशनच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळा नाताळात आठ-दहा दिवस बंद असतात. तेव्हा धर्माने नाताळ आपला सण असो वा नसो, आजोबा, मुले आणि नातवंडे एका छपराखाली असण्याचा आठवडा आता नाताळचाच उरला आहे.

या आठवड्यात आपण काय करतो? एक दिवस उणकल तलाव, एक दिवस नृपतुंग बेट्टा, एक दिवस लग्न किंवा मुंज, आणि उरलेला वेळ प्रत्येकाच्या हातात फोन. त्याच वेळी टीपॉयच्या खालच्या फळीवर ऑक्टोबरात हौसेने घेतलेले दिवाळी अंक पडून असतात. त्यांतले राशिभविष्य आणि एखाद-दुसरी कथा वाचून झालेली असते. ते अंक याच आठवड्यात बाहेर काढावेत आणि घरात मोठ्याने वाचावेत, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे. नाताळ आणि दिवाळी अंक यांचे नाते जुळवून आणलेले नाही. ते जुनेच आहे.

आधी 'नाताळ' हा शब्दच पाहा. तो मराठीत पोर्तुगिजांकडून, गोव्याच्या वाटेने आला. मूळ अर्थ जन्म किंवा जन्मोत्सव. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला जो फराळ होतो, त्याला 'कुसवार' म्हणतात. त्यात दोदोल असतो, कुलकुल असतात आणि नेवऱ्याही असतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. अहिल्यानगर-सोलापूरकडच्या मराठी ख्रिस्ती घरांतही नाताळला करंज्या, चकल्या आणि शंकरपाळी होतात. आपल्या दोन गावांनाही हा सण नवा नाही. बासेल मिशनचे लोक १८३७ साली धारवाडात आणि १८३९ साली हुबळीत आले. पुढे रेल्वे आली, आणि रेल्वेच्या नोकरीबरोबर ख्रिस्ती कुटुंबे हुबळीत स्थायिक झाली. त्यामुळे केशवापूरच्या बाजूला डिसेंबरात लागणारे तारेचे कंदील आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. दिवाळीचा आकाशकंदील उतरतो आणि महिन्याभरात शेजारी तारा चढतो.

आता पुस्तकांकडे येऊ. चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरोल' हे छोटे पुस्तक लंडनमध्ये १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले, आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत पहिली ६,००० प्रतींची आवृत्ती संपली. सणाच्या तोंडावर सणासाठीच पुस्तक काढावे, घराने ते विकत घ्यावे आणि जेवणानंतर एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, हा रिवाज त्यानंतर तिकडे चांगलाच रुजला. डिकन्सने १८५० पासून आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकाचे खास नाताळ अंक काढले. डिसेंबर १८५३ मध्ये तर त्याने बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये 'कॅरोल' स्वतः जाहीरपणे वाचून दाखवले. हळूहळू इंग्रजी नियतकालिकांत नाताळचा विशेषांक ही ठरलेली गोष्ट झाली.

मुंबईत 'मासिक मनोरंजन' चालवणाऱ्या काशिनाथ रघुनाथ मित्रांपुढे हेच नाताळ अंक नमुना म्हणून होते. या गृहस्थांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्याच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे नाव घेतले. १८९५ साली त्यांनी मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. इंग्रज नाताळला जे करतो ते मराठी माणसाने दिवाळीला करावे, ही ती कल्पना. ती इतकी आपली झाली की आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात, आणि मराठी माणूस फराळाच्या डब्याबरोबर अंकाचीही वाट पाहतो. म्हणजे नाताळ हे दिवाळी अंकाचे आजोळ आहे. नातवंडे सुट्टीत आजोळी येतात, तसा हा अंकही नाताळात बाहेर यायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही साहेबाची रीत. आपल्याकडे पुस्तकाला ऋतू कुठे होता? होता, आणि नेमका याच महिन्यात होता. मार्गशीर्षात गीताजयंती येते, पौर्णिमेला दत्तजयंती येते. २०२३ साली तर दत्तजयंती २६ डिसेंबरला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी आली होती. दत्तजयंतीपूर्वी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. त्याची वाटणी कशी असते ते पाहा. पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतिसाव्या, पस्तिसाव्या, अडतिसाव्या आणि त्रेचाळिसाव्यापर्यंत, आणि सातव्या दिवशी समाप्ती. अध्यायांची लांबी सारखी नाही, म्हणून रोजची संख्याही सारखी नाही. ज्याने ही वाटणी केली त्याला माणसाच्या बैठकीचा अंदाज होता. ठरलेला काळ, ठरलेली जागा, रोजचा ठरलेला भाग, आणि वाचणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांना मान. नाताळच्या वाचनाला याहून वेगळे काही लागत नाही.

गुरुचरित्राबद्दल आपण सीमेवरच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर याची मातृभाषा कन्नड होती, आणि आपल्याला मराठी नीट येत नाही असे तो ग्रंथातच नम्रपणे सांगतो. तरीही गाणगापूरच्या गुरूंचे चरित्र त्याने मराठीत लिहिले, आणि मराठी घरांनी ते पाच शतकांच्या आसपास वाचले. उलट बाजूने आपल्या धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना त्या कन्नड कवितेसाठी मिळाले. आपल्या नातवंडांची मराठी 'शुद्ध' नाही, कन्नड-इंग्रजी मिसळलेली आहे, म्हणून हात टेकणाऱ्या आजी-आजोबांनी या दोघांकडे पाहावे.

ख्रिस्ताची कथाही मराठीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि तिथेच राहून त्याने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. पुराणे ऐकायची सवय असलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या ओळखीच्या छंदात ख्रिस्तकथा मिळावी, हा हेतू. पुढे १९०७ साली त्याची आवृत्ती निघाली ती मंगळुरात, आणि देवनागरीत ते १९५६ साली पुण्याहून प्रसिद्ध झाले. साहेबाचा सण, मराठीची ओवी, गोव्याचा छापखाना आणि कर्नाटकातली आवृत्ती. आपल्या भागाची पुस्तके अशीच चार घरची पाणी प्यायलेली असतात.

आम्हा जैनांमध्ये पुस्तकासाठी एक स्वतंत्र सणच आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणतात. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम लिहून पूर्ण केला, तेव्हा त्या ग्रंथाची पूजा या तिथीला झाली, अशी श्रद्धा आहे. त्या दिवशी मंदिरातले ग्रंथ बाहेर काढतात, धूळ झटकतात, ऊन दाखवतात, नव्या वस्त्रात बांधतात. या प्रथेमुळे वाळवीपासून किती पोथ्या वाचल्या असतील!

पण याच ग्रंथाची दुसरी बाजूही आपल्याला शिकवणारी आहे. षट्खंडागमावरील 'धवला' टीकेच्या जुन्या कन्नड लिपीतल्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला जपून ठेवलेल्या होत्या. कितीतरी पिढ्या यात्रेकरू जात, हात जोडत, दर्शन घेत आणि परत येत. वाचणे जवळजवळ थांबले होते. ती लिपी आणि ती भाषा उलगडू शकणारी माणसे थोडी उरली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईकडच्या श्रावकांनी नक्कल करवून घेण्याची खटपट केली. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला भाग छापून निघाला तो १९३९ साली, अमरावतीहून. ग्रंथ सुरक्षित होता, पण वाचणारी साखळी तुटत आली होती. ती थोडक्यात वाचली.

आता आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे पाहा. हरिभाऊ आपटे, खांडेकर, पु. ल., ज्ञानेश्वरीची जाड प्रत. तीन पिढ्यांनी जमवलेला हा ठेवा आहे. नातवंडे त्याचे दर्शन घेतात, कोणी फोटोही काढते. वाचत कोणी नाही. आपल्यामागे ही पुस्तके कोण उघडणार, हा प्रश्न आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या मनात असतो. बोलत कोणी नाही. घरातली बोली अजून टिकली आहे, पण वाचन या पिढीत थांबू शकते. एकदा थांबले की पुढची पिढी मराठी ऐकेल, कदाचित बोलेलही, पण मराठी पान तिला मूडबिद्रीच्या ताडपत्रासारखे दिसेल.

घाबरण्याचे कारण नाही, कारण आपल्या मुलांची तयारी आपल्याला वाटते त्याहून बरी आहे. बरीच मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी अक्षरे त्यांना येतात. घरात ऐकून शब्द कानाला ठाऊक असतात. अडते ते एवढेच, की डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांची गाठ पडलेली नसते. मोठ्याने वाचल्याने ती पडते. हिंदी भागातले मूल 'ळ' ला अडखळते. आपले मूल अडखळत नाही, कारण कन्नडमध्ये 'ळ' आहेच. 'चाक' मधला आणि 'चंद्र' मधला 'च' वेगळा, हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते आजीच्या तोंडूनच कळते. म्हणून मुलाच्या हातात नुसते पुस्तक देऊन भागत नाही. शेजारी बसावे लागते.

मात्रेविषयी सांगतो. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. लहान मात्रेवर माझा विश्वास असणारच. वीस मिनिटे पुरेत. धनुर्मास असतो, सकाळी मुगाची खिचडी किंवा हुग्गी झालेली असते, संध्याकाळी धारवाडात हवेत गारवा असतो. रात्रीच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून, एकाने वाचावे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. मुलाने दोन ओळी वाचल्या तरी चालतील. उच्चार चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नये, पुढच्या वाक्यात आपण तो शब्द नीट वाचावा. प्रश्नोत्तरे नकोत, तात्पर्य नको. गोष्ट रंगात आली की थांबावे. दुसऱ्या दिवशी मूल आपणहून विचारते.

काय वाचावे? दिवाळी अंकांतून एक विनोदी कथा आणि एक प्रवासवर्णन आधी निवडून ठेवावे, कविता शेवटी. पुस्तक हवे असेल तर साने गुरुजींचे 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. एका रात्री एक गोष्ट, हीच त्याची रचना. लहानांसाठी जी. ए. कुलकर्णी यांची 'बखर बिम्मची' आहे. आपल्याच धारवाडात राहून, जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवून या माणसाने मराठी कथा कुठे नेऊन ठेवली, हे नातवंडांना सांगायला ते चांगले निमित्त आहे. मोठ्यांसाठी, आणि नाताळच्या दिवसांना साजेसे, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्या बाईंचे घर कसे दुभंगले आणि पुन्हा कसे उभे राहिले, हे त्यांनी ज्या साध्या, हसऱ्या मराठीत सांगितले आहे, ती मराठी मोठ्याने वाचण्यासाठीच आहे.

आइसलँड नावाच्या चिमुकल्या देशात नाताळच्या आदल्या रात्री पुस्तके भेट देण्याचा रिवाज आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाकी वस्तूंवर निर्बंध होते आणि कागद त्या मानाने मिळत होता, म्हणून लोक पुस्तके देऊ लागले. १९४४ पासून तिथले प्रकाशक नव्या पुस्तकांची यादी छापतात. त्या देशाची सगळी लोकसंख्या आपल्या हुबळी-धारवाड महापालिकेच्या निम्म्याहूनही कमी आहे. भाषा लहान असली म्हणून वाचन लहान होत नाही, एवढे यावरून घ्यावे.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी आपण प्रत्येक नातवंडाला एक मराठी पुस्तक द्यावे आणि पहिल्या पानावर त्याचे नाव, आपले नाव आणि तारीख लिहावी. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसरी तारीख घालावी. नवे पुस्तक घेणे जमले नाही तर कपाटातले द्यावे. तोवर दिवाळी अंक घरातच असतील. रद्दीवाल्याला जानेवारीपर्यंत थांबायला सांगा.