तरंगत्या नगरीतील पंक्तिभेद

कै. विश्राम बेडेकर हे जन्माने अमरावतीकर (१९०६). आम्हां वऱ्हाडकरांस याचा अभिमान आहे. पण त्यांच्या ‘रणांगण’ कादंबरीचे आमच्या घरांतून नाव जितके घेतले जाते तितकी ती वाचली जात नाही, असे दिसते. १९३९ साली निघालेले हे लहानसे पुस्तक. पुढे बेडेकरांनी नाटके लिहिली, चित्रपट केले, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहिले. तरी कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती आहे ती या एका कृतीवर.

कथानक थोडके आहे. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस हा महाराष्ट्रीय तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची बोटीवर गाठ पडते, प्रेम जडते. मुंबईस तो उतरतो, ती पुढे जाते. मागाहून येतात तिची पत्रे आणि अखेर तिने समुद्रात देह टाकल्याची वार्ता.

केवळ प्रेमकथा म्हणून हे वाचून संपविणे सोपे आहे. आमचे लक्ष मात्र त्या बोटीकडेच राहते. ती एक तरंगती नगरीच होय. नाना वंशांची व धर्मांची माणसे एका छताखाली जेवतात, निजतात. मने आपापल्या पेठेबाहेर पडत नाहीत. आमच्या अमरावतीस पेंढाऱ्यांच्या भयाने बांधलेला परकोट आहे, अकोल्यास जुने शहर एका अंगास ठेवून मोर्णा वाहते. या सीमा डोळ्यांस दिसतात. परंतु १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरवावी लागली, तेव्हा जी भिंत आडवी आली होती ती कोणा गवंड्याने रचलेली नव्हती.

हिटलरशाहीने १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले व जर्मनांशी त्यांचे विवाह गुन्हा ठरविले. आजा-आजी कोण होते, एवढ्यावर मनुष्याचे भवितव्य ठरू लागले. हे वाचून आपण संतापतो. पण स्थळ पाहताना आपल्या घरची वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न कोणता विचारतात? साम्य येथेच थांबते, हे आम्ही जाणतो. कुळ विचारणारी आजी कोणास छळछावणीत धाडीत नाही. दोहोंस एकाच तागडीत घालणे हा साठ लक्ष मृतांवर अन्याय होईल. तथापि प्रश्न तोच आहे, आणि तो विचारताना आपला आवाज किती सहज असतो!

चक्रधरावर न्यूरेंबर्गचे बंधन नव्हते. हिंदुस्थानातील कायदाही अशा विवाहास सर्वस्वी आडवा येत नव्हता; मात्र मोल मागत होता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यान्वये लग्न करावयाचे, तर आपण हिंदू नाही व ती ज्यू नाही असे उभयतांस लिहून द्यावे लागले असते. ही अट सुटली ती १९५४ च्या नव्या कायद्याने. निरनिराळ्या जातींतील हिंदूंचे विवाह वैध ठरविणारा कायदाही १९४९ चाच. म्हणजे कादंबरी निघाली तेव्हा प्रेमास धर्मत्यागाचा कागद जोडावा लागत होता. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाही.

येथे आमची एक तक्रार आहे. हॅर्टाच्या मृत्यूने लेखकाने चक्रधरास शोक दिला, पण एक कठीण प्रसंग चुकविला. ती मुंबईस उतरून एखाद्या एकत्र कुटुंबाच्या उंबरठ्याशी उभी राहिली असती तर? कुंकू कोणी लावले असते, पंक्तीस पान कोठे मांडले असते, सोवळ्यातल्या आत्याबाई काय म्हणाल्या असत्या? बेडेकरांच्या धारदार लेखणीने हे चित्र किती निर्दय रेखाटले असते! हॅर्टाची पत्रे मात्र या उणिवेची बरीच भरपाई करतात. तोवर आपण तिला चक्रधराच्याच नजरेने पाहत असतो, तेथे ती प्रथम स्वतः बोलते.

जेरी पिंटो यांनी या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले आहे. परदेशी वाढलेल्या ज्या नातवंडांस मराठी वाचता येत नाही, त्यांच्या हाती ते द्यावे. त्यांतील कित्येकांच्या घरी हॅर्टा केव्हाच नांदावयास आलेली आहे.