त्रिनिदादचा निवेदक आणि कावेरीकाठचा तप्पू

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल आठवतो. आज त्याच मुलखातली वेगळी गोष्ट सांगतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांमध्ये तप्पू वाजतो. लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं आणि दोन काठ्या, एवढंच वाद्य. अम्मनच्या उत्सवात असतो, अंत्ययात्रेतही असतो. तो वाजवणारे बहुतेक दलित, म्हणून गावानं वाद्यालाही वेशीबाहेर ठेवलं.

१८५५ साली इंग्रजांनी तंजावरचं मराठी राज्य खालसा केलं. त्याच्या थोडं आधीच, १८५३ साली, करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज मार्टिनिकला पोचलं होतं. फ्रेंचांच्या ताब्यातलं कारैकाल बंदर याच त्रिभुज प्रदेशाच्या टोकाला आहे. तिथून आणि पाँडिचेरीहून हजारो तमिळ माणसं ऊसमळ्यांवर गेली. मद्रासहून काही जण ब्रिटिशांच्या गयाना आणि त्रिनिदादमध्येही गेले. तिथल्या कालीमाईच्या देवळांत आजही तप्पू वाजतो. इथं वेशीबाहेर आणि तिथं देवीच्या पुढ्यात.

त्रिनिदादमध्ये मात्र तमिळ लोक थोडे. १८४५ ते १९१७ या काळात तिथं सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय गेले. त्यांतले बहुतेक कलकत्त्याच्या बंदरातून गेलेले, भोजपुरी पट्ट्यातले. त्यांची मुलंनातवंडं शाळेत इंग्रजी शिकली, घरातली बोली मागे पडू लागली. उरलं ते गाणं. लग्नाघरचं, देवळातलं, मोहरमच्या ताशाचं.

१९४७ साली रेडिओ त्रिनिदाद सुरू झाला आणि त्याच वर्षी कमालुद्दीन मोहम्मद या विशीतल्या तरुणानं 'इंडियन टॅलेंट ऑन परेड' हा कार्यक्रम सुरू केला. आपले अमीन सयानी 'बिनाका गीतमाला' घेऊन आले १९५२ साली, म्हणजे पाच वर्षांनी! नाव नीट वाचा: 'टॅलेंट'. नुसत्या मुंबईच्या तबकड्या लावायच्या नव्हत्या, गावोगावच्या गायकांना माइकसमोर आणायचं होतं. ज्यांचं गाणं मळ्याच्या वस्तीबाहेर कुणी ऐकलं नव्हतं, त्यांचं गाणं आता बेटभर ऐकू जाऊ लागलं. माझ्या मते हे काम त्यांच्या पुढच्या मंत्रिपदांपेक्षा मोठं.

मंत्रिपदं मात्र खरोखरच मिळाली. १९५६ साली ते एरिक विल्यम्स यांच्या पक्षातर्फे निवडून आले आणि पुढची तीस वर्षं सत्तेत राहिले. १९७८ साली जागतिक आरोग्य सभेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. १९८१ साली विल्यम्स वारले. पक्षाचे तीन उपनेते होते. त्यांत मोहम्मद सर्वांत मुरलेले, पण पंतप्रधान केलं गेलं जॉर्ज चेंबर्स यांना. का, यावर तिथं अजून वाद होतो. भारतीय वंशाचे म्हणून डावललं, असं मानणारे पुष्कळ आहेत.

घरातला गाण्याचा धंदा भावांनी पुढे नेला. १९७० साली दूरचित्रवाणीवर 'मस्ताना बहार' ही स्पर्धा सुरू झाली. भाऊ मोईन यांनी एका लग्नाघरी सुंदर पोपो नावाच्या तरुणाचं गाणं ऐकलं आणि ते ध्वनिमुद्रित करवलं. 'नाना अँड नानी' हे ते गाणं, अर्धं हिंदी, अर्धं तिथलं इंग्रजी. 'चटणी' संगीताचं मूळ लोक तिथंच शोधतात.

आता आपल्या घरची बाजू. 'कुर्बानी'तलं 'लैला ओ लैला' गाणाऱ्या कांचन, म्हणजे माहेरच्या माळी. कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ बाबला यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऐंशीच्या दशकात या जोडीनं सुंदर पोपोंचं 'कैसे बनी' मुंबईत नव्यानं केलं आणि ते कॅरिबियनमध्ये तुफान चाललं. त्रिनिदाद-गयानात कांचन यांचं नाव आजही घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे ते सांगावं लागतं.

आणि तप्पू? रेडिओवर वरचष्मा राहिला तो हिंदीचाच. 'मद्रासी' म्हणवले जाणारे लोक संख्येनं थोडे, त्यांची तमिळ तर केव्हाच विरली. त्यांचं वाद्य देवळातच राहिलं. कालीमाईची पूजा लागली की आधी काठ्या जाळासमोर धरत नाहीत, कातडं धरतात. ते तापलं, ताणलं, की मग वाजवायला सुरुवात. कावेरीकाठी अगदी असंच करतात.