अ‍ॅक्युपंक्चर: सुई टोचून घेण्याआधी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात अशा गोष्टी

आपल्या मशिदींमध्ये खुर्चीवर बसून नमाज पढणाऱ्यांच्या रांगा आता नेहमीच्या झाल्या आहेत. सजदा जमत नाही, गुडघा वाकत नाही. घरी अम्मी किंवा दादी भिंतीला धरून उठतात. नगर आणि संगमनेरच्या मोहल्ल्यांत वर्षानुवर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या माना आणि कंबरा धरलेल्या असतात. एमआयडीसीत आठ-आठ तास उभ्याने ड्युटी करणाऱ्यांचे पाय रात्री ठणकतात. मग पेनकिलर सुरू होते. मेडिकलवरून आणलेली दोन रुपयांची गोळी महिनोन् महिने चालते आणि एक दिवस किडनीचा रिपोर्ट हातात येतो.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "सुईवाल्या डॉक्टरकडे जाऊन पाहा, एकदम फरक पडतो." त्यावर घरात दोन गट पडतात. एकाला वाटतं हा रामबाण इलाज आहे, बाकीच्या सगळ्या गोळ्या बंद करून टाकू. दुसऱ्याला वाटतं हे सगळं थोतांड आहे, शिवाय सुया टोचून भलतंच काही व्हायचं. दोन्ही टोकं सोडून, अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नेमकं काय, त्यातून काय मिळू शकतं आणि काय मिळणार नाही, हे समजून घेऊ.

हा इलाज आहे तरी काय?

अ‍ॅक्युपंक्चर ही दोन हजार वर्षांहून जुनी चिनी उपचारपद्धती आहे. केसासारख्या बारीक सुया शरीरावरच्या ठरावीक जागी टोचायच्या आणि थोडा वेळ तशाच ठेवायच्या, एवढंच त्याचं मूळ स्वरूप. या जागांना बिंदू किंवा पॉइंट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत असे 361 पॉइंट आहेत. एक पॉइंट अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात आहे, एक गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, एक मनगटाच्या आतल्या बाजूला.

जुन्या चिनी हकिमांचं म्हणणं असं की शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठरावीक वाटांनी वाहते. ती अडली की दुखणं येतं, आणि सुई ती वाट मोकळी करते. आजचं विज्ञान या वाटा मानत नाही, त्या कुठल्याही तपासणीत दिसलेल्या नाहीत. पण सुई टोचल्यावर त्या जागच्या नसा जाग्या होतात, मेंदू आणि मज्जारज्जूपर्यंत संदेश जातो आणि शरीर स्वतःचीच वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतं, हे प्रयोगांमधून दिसलेलं आहे.

काही घरांतून विचारतात की यात काही वेगळी पूजा किंवा मंत्र-तंत्र तर नाही ना? नाही. त्यात काही पढलं जात नाही, ताईत दिला जात नाही. ऊर्जेच्या सिद्धांतावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, सुईचं काम त्यावर अवलंबून नाही.

सोलापूरचं नातं

चीनचा हा इलाज भारतात आला त्याच्या कहाणीत आपल्या शेजारच्या सोलापूरचं नाव येतं. 1938 साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता डॉ. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले, अवघ्या 32 व्या वर्षी. उर्दूचे नामवंत लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला.

डॉ. कोटणीस स्वतः सर्जन होते. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातले त्यांचे साथीदार डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. 1950 च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, हा इलाज शिकले आणि कलकत्त्यात परतून त्यांनी तो सुरू केला. पुढे त्यांच्याकडून अनेक भारतीय डॉक्टर शिकले.

महाराष्ट्राने या पद्धतीसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा केला.  केंद्र सरकारनेही 2019 मध्ये तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे हा धंदा कायद्याबाहेरचा नाही. मात्र कायदा आहे म्हणूनच तो कोण करू शकतो यालाही नियम आहेत. त्याबद्दल पुढे येईलच.

हिजामा वेगळा, अ‍ॅक्युपंक्चर वेगळं

आपल्या समाजात या दोन्हींची गल्लत फार होते. हिजामामध्ये त्वचेवर कप लावून ओढ निर्माण करतात, बारीक चिरे देतात आणि थोडं रक्त काढतात. तो युनानी उपचारांचा भाग आहे आणि आपल्याकडे सुन्नत म्हणूनही केला जातो. अ‍ॅक्युपंक्चरमध्ये रक्त काढायचं नसतं. सुई आत जाते, थांबते आणि बाहेर येते. तिच्यात औषधही नसतं, कारण ती इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसून भरीव असते. एक शिकलेल्या माणसाला दुसरं येतंच असं नाही. कपाचं काम येणारा माणूस सुयाही टोचू लागला तर त्याचं वेगळं शिक्षण झालं आहे का, हे विचारायला लाजू नका.

कशावर फायदा, कशावर नाही

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. अ‍ॅक्युपंक्चरचा सगळ्यात जास्त अभ्यास दुखण्यांवर झालेला आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणारी 'नाइस' ही संस्था अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी वारंवार येऊ नये म्हणून 5 ते 8 आठवड्यांत 10 वेळा अ‍ॅक्युपंक्चर घेण्याचा पर्याय सुचवते. जुनाट, कारण न सापडणाऱ्या दुखण्यातही ती त्याचा विचार करायला सांगते. पण गुडघ्याची झीज आणि कंबरदुखी यांसाठी मात्र तीच संस्था शिफारस करत नाही, कारण तिच्या मते पुरावा पुरेसा नाही.

मग लोक "मला फरक पडला" म्हणतात ते खोटं का? खोटं नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने सहा महिन्यांनी सुमारे 47 टक्के लोकांना आराम वाटला. चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी 44 टक्क्यांना वाटला. गोळ्या, व्यायाम आणि शेक असा नेहमीचा इलाज घेणाऱ्यांपैकी फक्त 27 टक्क्यांना वाटला. म्हणजे सुई टोचून घेतल्याने आराम पडला, पण नेमक्या पॉइंटचं महत्त्व सांगितलं जातं तेवढं दिसलं नाही. निवांत पडून राहणं, कुणीतरी आपलं दुखणं लक्ष देऊन ऐकणं, बरं होण्याची आशा, या सगळ्याचा त्यात वाटा असणार.

यातून आपण काय घ्यायचं? दुखण्यासाठी, विशेषतः पेनकिलर कमी करायच्या असतील तर, डॉक्टरांना सांगून हा इलाज करून पाहायला हरकत नाही. पण शुगर, बीपी, थायरॉइड, दमा, फिट्स, हृदयविकार, टीबी, कॅन्सर यांचा मूळ इलाज अ‍ॅक्युपंक्चर नाही. "आमच्याकडे या, इन्सुलिन बंद करून देतो" असं कुणी म्हणालं की तिथून उठून यावं. इन्सुलिन मनाने बंद केल्याने माणूस काही दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. गुडघा दुखणाऱ्याची चूक झाली तर पैसे जातील, शुगरवाल्याची चूक झाली तर जीव जाईल.

दुखणं कशाचं आहे हेही आधी कळलं पाहिजे. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवीवर ताबा राहिला नाही, ताप येतो किंवा वजन घटतंय, तर आधी सिव्हिल हॉस्पिटल किंवा हाडांचे डॉक्टर. सुई नंतर.

पहिल्या दिवशी काय होतं?

चांगला चिकित्सक लगेच सुई काढत नाही. आधी दुखणं कधीपासून, कशाने वाढतं, झोप कशी, पोट कसं, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारतो. नाडी पाहतो, जीभ पाहतो. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. जाण्याआधी हलकं खाऊन जावं. उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. कपडे सैल घालावेत.

मग आपल्याला झोपवतात. जागा स्पिरिटने पुसतात. साधारण पाच ते पंधरा सुया लावतात. सुईची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते, त्यामुळे टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं किंवा कळतही नाही. सुई आत गेल्यावर जड वाटणं, मुंग्या येणं, हलकीशी कळ जाणं हे नेहमीचं आहे. झटका बसल्यासारखी तीव्र कळ गेली किंवा सहन होत नसेल तर तिथल्या तिथे सांगावं, सुई हलवता येते. काही ठिकाणी सुयांना बारीक तारा जोडून हलका करंट देतात.

वीस ते तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. बऱ्याच जणांना झोप लागते. सुया काढताना एखाद्या ठिकाणी रक्ताचा थेंब येतो किंवा काळानिळा डाग पडतो, तो काही दिवसांत जातो. त्या दिवशी थकवा वाटू शकतो, म्हणून लगेच मोटारसायकल काढून श्रीरामपूर-नगर करू नये. थोडं बसून, पाणी पिऊन निघावं.

एका वेळेत जादू होत नाही. साधारण आठवड्यातून एक-दोनदा, सहा ते दहा वेळा असा क्रम असतो. पाच-सहा वेळा जाऊनही काहीच फरक नसेल तर थांबण्याबद्दल स्पष्ट बोलावं. सुरुवातीलाच तीस बैठकांचं पॅकेज भरून घेणाऱ्यापासून सावध राहावं.

कुणी जास्त जपावं?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि रक्त लवकर न थांबणाऱ्यांनी आधी सांगावं. गरोदर बाईने तर सांगितलंच पाहिजे, कारण काही पॉइंट त्या काळात टाळतात. पेसमेकर असेल तर करंटवाला प्रकार घेऊ नये. शुगरमुळे पाय बधिर असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. त्यांना टोचलेलं कळत नाही आणि छोटी जखमही चिघळते. छाती आणि पाठीच्या वरच्या भागात सुई फार खोल गेली तर फुप्फुसाला इजा झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. ते विरळ आहेत, पण अडाणी हातात सुई का देऊ नये याचं हेच कारण आहे.

वुजू, रोजा आणि पर्दा

सुईच्या जागेवरून रक्त वाहिलं तर हनफी मसलकाप्रमाणे वुजू तुटतो, म्हणून घरी आल्यावर नमाजआधी वुजू पुन्हा करावा. रोज्याबद्दल, साध्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही असं हनफी उलेमा सांगतात. इथे तर सुईत औषधही नसतं. तरी आपापल्या मसलकाच्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावं. तब्येतीच्या दृष्टीने पाहिलं तर रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ घेणं किंवा ईदनंतर सुरू करणं बरं, कारण रिकाम्या पोटी घेरी येऊ शकते.

बायकांना संकोच वाटतो म्हणून त्या दुखणं अंगावर काढतात. बरेचसे पॉइंट हाताच्या कोपराखाली आणि पायाच्या गुडघ्याखाली असतात, सगळे कपडे काढावे लागत नाहीत. महिला चिकित्सक आहे का, पडदा आहे का, सोबत घरचं माणूस बसू शकतं का, हे फोनवरच विचारून घ्यावं.

दारात पाऊल टाकताना तीन गोष्टी

पहिली, नोंदणी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्याची राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर नंबर विचारा. दुसरी, सुई. सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेली सुई जाड डब्यात टाकली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. "उकळून घेतली आहे" हे उत्तर चालणार नाही. तिसरी, जबान. जो चिकित्सक "तुमच्या गोळ्या चालू ठेवा, डॉक्टरांना विचारूनच कमी करा" म्हणतो, त्याच्यावर भरोसा ठेवता येतो.

इलाज करून घेणं ही आपली जबाबदारी आहे, आणि इलाज कुणाकडून घेतो हे पाहणंसुद्धा. घरातल्या मोठ्या माणसांना एकटं पाठवू नका. पहिल्या दिवशी सोबत जा, विचारायचं ते विचारा आणि गोळ्यांचा डबा सोबत न्यायला विसरू नका. अल्लाह सगळ्या बीमारांना शिफा देवो. आमीन.